पिवळा टॅग

बजाजनगरात सूर्यभानला कुणी भाजी घ्यायला सोबत नेत नाही. पावशेर वांग्यांसाठी हा माणूस अख्खा ढीग उपसतो, एकेक देठ उजेडात धरतो आणि शेवटी पुढच्या गाड्यावर बघू म्हणतो. दोष त्याचा नाही, नोकरीचा आहे. वाळूजच्या एका कारखान्यात तो सव्वीस वर्षं क्वालिटीत आहे. मशीनवरून उतरलेला माल आधी त्याच्या टेबलावर येतो. बरा असेल तर हिरवा टॅग, नसेल तर लाल. एक पिवळाही असतो. मालात उणीव आहे, तरी कामाला येईल आणि जबाबदारी माझी, असा त्याचा अर्थ. त्यावर उणीव लिहून खाली सही करावी लागते. सूर्यभानच्या खणातला पिवळ्या टॅगचा गठ्ठा सव्वीस वर्षांत एकदाही सुटला नव्हता. उणीव आहे ना, मग लाल. आपण कशाला सही करायची, एवढा सरळ हिशेब.

आणि नेमक्या ह्या माणसाला आपल्या एकुलत्या एका मुलीसाठी परदेशातलं मेडिकल कॉलेज निवडायचं होतं.

दिपालीला नीटमध्ये पात्र होण्याएवढे मार्क पडले होते, पण सरकारी कॉलेजात जागा मिळण्याएवढे नाही. इथल्या खाजगी कॉलेजाचं नाव घरात कुणी काढतच नव्हतं. पोरगी मात्र डॉक्टरच व्हायचं म्हणून अडून बसली होती. तिनंच चौकशी करून औरंगपुऱ्यातलं एक ऑफिस शोधलं. परदेशी कॉलेजात मुलं पाठवायचं काम तिथं चालायचं, आणि प्रणय नावाचा गोड बोलणारा तरुण आलेल्या पालकांना आधी चहा पाजायचा.

सूर्यभाननं चहा पिऊन खिशातून चारघडी कागद काढला. बाहेर शिकून आलेल्यांना इथं डॉक्टरकी करायची तर काय काय लागतं, ते सगळे सरकारी नियम त्यानं स्वतः उतरवून आणले होते. शिक्षण चोपन्न महिने हवं, शिकवणं इंग्रजीतून हवं, वर्षभराची इंटर्नशिप तिथंच हवी, आणि त्या देशातही डॉक्टरकी करता येईल अशी पदवी हवी. प्रणयचं हसू तिसऱ्या कलमाशी मावळलं.

पंधरा दिवसांत नऊ कॉलेजांच्या माहितीपत्रकांना लाल टॅग लागले. खरोखरचे, कारखान्यातून आणलेले. पहिली चार नियमात बसत नव्हती, तिथं सूर्यभानचं बरोबरच होतं. पुढं मात्र गाडी घसरली. एका होस्टेलच्या जिन्याला कठडा दिसत नव्हता. एका माहितीपत्रकात वाचनालयातही तीच मुलगी हसत होती आणि शवागारातही तीच. एका गावाला जायला तीन विमानं बदलावी लागत होती. शेवटी जॉर्जियातलं एक कॉलेज उरलं, त्यात त्याला काहीच सापडेना. दोन दिवस तो बेचैन होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, तिथून तयार होऊन आलेलं सॅम्पल बघितल्याशिवाय सही नाही.

शनिवारी अर्जाची मुदत संपत होती, आणि पालकाच्या सहीची जागा कोरी होती. दिपाली स्वयंपाकघरात आईला म्हणाली, "कॉलेजात खोट नाय आई. पप्पांना मला पाठवायचंच नाय." बाहेरच्या खोलीत सूर्यभाननं ते ऐकलं आणि त्याला ते फार लागलं, कारण ते खोटं आहे असं त्याला छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

तरी सॅम्पल तो बघणारच होता. प्रणयनं तिथं शिकणाऱ्या दोन मुलांचे नंबर दिले, ते त्यानं परत केले. विकणाऱ्यानं काढून दिलेलं सॅम्पल तो कधी घेत नसे. स्वतः पेटीच्या तळाशी हात घालायचा. देवगाव रंगारीच्या मेव्हण्याला फोन गेला, त्यानं आणखी चौघांना केले, आणि पत्ता लागला. कन्नडकडची श्रेया नावाची मुलगी त्याच कॉलेजातून शिकून आली होती आणि सध्या घाटीत, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, इंटर्न होती. गुरुवारी सूर्यभाननं सुट्टी टाकली, केसपेपर काढला आणि रांगेत उभा राहिला. त्याला तिच्याशी बोलायचं नव्हतं, तिला काम करताना बघायचं होतं.

नंबर आल्यावर त्यानं उजवा गुडघा पुढं केला आणि कण्हलाही. श्रेयानं गुडघा दाबून, वाकवून बघितला, मग भिंतीपर्यंत चालून दाखवायला सांगितलं. तो परत येईपर्यंत तिनं पेन खाली ठेवलं होतं.

"काका, दुखतो म्हणून उजवा दाखवलात अन् लंगडताय डाव्यानं. खरं कुठं दुखतंय?"

चोरी पकडली गेली होती. सूर्यभाननं खरं काय ते सांगून टाकलं. श्रेयाला हसू आवरेना. मागच्या रांगेत कुरकुर सुरू झाली, तशी ती म्हणाली की दुपारी बाहेर चहाच्या गाड्यावर थांबा. आणि आलाच आहात तर म्हणून बीपी तपासलं, ते वाढलेलं निघालं, आणि लोणचं बंद करा म्हणून केसपेपरवर लिहून दिलं. सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या मालावर शेरे मारणाऱ्या माणसाला मनापासून बरं वाटलं.

चहाच्या गाड्यावर त्यानं एकच मागणं केलं, चांगलं सांगू नका, उणिवा सांगा. श्रेयानं सांगितल्या. थंडीत हात फुटतात. पेशंट त्यांच्या भाषेत बोलतात, ती शिकली नाही तर वॉर्डात नुसतं उभं राहायचं. परत आल्यावर इथली परीक्षा देताना ती स्वतः पहिल्यांदा नापास झाली होती. हे तिनं न विचारता सांगितलं, आणि तिथंच सूर्यभानचा तिच्यावर विश्वास बसला.

"बाकी सगळ्याची सवय होती काका," ती ग्लास ठेवत म्हणाली. "लई लांब हाय, त्याची होत नाय. पण पुन्हा जायचं झालं तर मी तिथंच जाईन."

शनिवारी सकाळी दिपालीनं ऑफिसला न्यायला फाइल उचलली. सूर्यभान गॅलरीत पाठ करून उभा होता, पेपर वाचत असल्यासारखा. अर्जावर पालकाची सही होती. फाइलच्या दोरीला एक टॅग बांधलेला होता, आणि तो लाल नव्हता म्हणून तिला आधी हिरवाच वाटला. मग तिनं नीट पाहिलं. टॅग पिवळा होता. उणिवेच्या रकान्यात त्याच्या कोरीव अक्षरात लिहिलं होतं, "घरापासून लई लांब." खाली शेरा होता, "तरी पाठवावे. जबाबदारी माझी." त्याखाली तारीख आणि सूर्यभानची पूर्ण सही होती.