एलिनॉर कुणाला मिळते?

सबनीस सर नव्या माणसाला नाव-गाव विचारायच्या आधी त्याच्या गावची नदी विचारायचे. लगेच पुढचा प्रश्न, "आणि ती कुणाला मिळते?" ऐंशीच्या आसपास वाशीतल्या आमच्या नव्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा मलाही हेच विचारलं. मी म्हटलं, "शास्त्री. जयगडला समुद्राला मिळते." सर खूश. "भाग्यवान आहात बाई! आमच्या कऱ्हेला आधी नीरा, मग भीमा, मग कृष्णा गाठावी लागते. पण पोचते हो. नदी पोचली पाहिजे!"

भूगोलाचा हा माणूस भलता काटेकोर. गोदावरीला कुणी चुकीचं वळण दिलं, की अख्खा नकाशा पुन्हा काढायला लावायचे. "नदी तुझ्या पेन्सिलीच्या मर्जीनं वाहत नाही रे बाबा!" मुलं मागे त्यांची नक्कल करायची, मीही हसायचे.

त्यांचा एकुलता एक अजित इंजिनियर होऊन ऑस्ट्रेलियाला गेला आणि दुसऱ्याच वर्षी तिथे अपघातात वारला. त्याला इथे आणणं जमलं नाही. मित्रांनी तिथेच अग्नी दिला, अस्थी जवळच्या एका लहानशा नदीत सोडल्या. त्यांतला एक मित्र सुट्टीत सरांना भेटायला आला, तेव्हा शेजारीण म्हणून मीही तिथे होते. नदीचं नाव एलिनॉर; कुणा मोजणीदार साहेबाने आपल्या बायकोचं नाव ठेवलेलं. "आणि त्याआधी काय म्हणायचे तिला? साहेब येईपर्यंत काय बिननावाची वाहत होती?" सर त्या बिचाऱ्यावर उगीचच चिडले. मग अगदी हळू विचारलं, "कुणाला मिळते?" त्याला ठाऊक नव्हतं. आतून सरांच्या बायकोचा, वहिनींचा आवाज आला, "समुद्रालाच ना हो?"

"अगं, म्हणजे काय! समुद्रालाच."

तेव्हापासून वहिनी दर अमावास्येला वाशीच्या खाडीवर जाऊन फूल सोडायच्या. सगळं पाणी एकच, म्हणायच्या.

सरांनी मात्र मुंबईला जाऊन मोठमोठे नकाशे धुंडाळले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसले. "नाही पोचत बाई. डोंगरातून पश्चिमेला वळते आणि आत वाळवंटात आटून जाते. तिकडच्या कितीतरी नद्या अशाच, हे मीच शिकवत आलो. आता हिला काय सांगू?" मला रडू आवरेना. जन्मभर जोपासलेलं ज्ञानच त्या माणसाच्या जिवावर उठलं होतं.

त्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा धडा त्यांनी होईल तेवढा पुढे ढकलला. शेवटी घ्यावाच लागला. आमच्या दोन वर्गांमध्ये नुसतं प्लायवूडचं पार्टिशन होतं. पलीकडे एकाएकी सगळं गप्प झालं, म्हणून मी दाराशी गेले. फळ्यावर नेहमीसारखा सुरेख नकाशा होता. डोंगरातून निघालेली एक बारीक निळी रेघ वाळवंट ओलांडून थेट समुद्राला जाऊन मिळाली होती.

"सर," पहिल्या बाकावरची मुलगी चाचरत म्हणाली, "ती तर मधेच आटते ना? तुमीच आत्ता सांगितलं."

सर फळ्याकडे तोंड करूनच उभे होते.

"आटते गं पोरी," ते म्हणाले. "पण ही एवढी एक जाऊ दे."