मॅडमची क्लिप

घरातले तिला 'मॅडम' म्हणायला लागले, तेव्हा तिला इंग्रजीची तीन वाक्यं सलग बोलता येत नव्हती. म्हणूनच म्हणत होते.

झालं असं, की नणंदेच्या मुलाचे परदेशी साहेब घरी जेवायला आले. सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले. शेवटी हिनंच धीर केला आणि वाढता वाढता साहेबांना आपलं घर कसं बांधलं ते सांगायला लागली. दोन वाक्यं बरी गेली. तिसऱ्याला गाडी अडली ती अडलीच. हातात डाव, तोंड उघडं, शब्द काही येईना. नणंदेनं ते सगळं मोबाइलवर टिपलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं, वर लिहिलं, 'आमची मॅडम'. खाली हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एक चेहरा नवऱ्याचाही होता. पण तो बिचारा बहिणीच्या शब्दाबाहेर नाही, अशी तिनं स्वतःचीच समजूत घातली आणि सगळा डूख नणंदेवर धरला.

लोक नोकरीसाठी इंग्रजी शिकतात, ही रागानं शिकली. ओट्यावर मोबाइल टेकवून व्हिडिओ लावायचा आणि खाली उमटणाऱ्या अक्षरांवर कागदाची पट्टी चिकटवायची, म्हणजे डोळ्यांना आयतं काही मिळू नये. मग तेच वाक्य आपल्या आवाजात रेकॉर्ड करायचं, ऐकायचं, पुसायचं, पुन्हा बोलायचं. हळूहळू शेजारणी विचारायला लागल्या, शेजारणींनी आणखी कुणाला सांगितलं, आणि औषधांच्या दुकानावरच्या खोलीत तिचा क्लास उभा राहिला. भिंतीवर पडदा, टेबलावर इयरफोनचा गुंता. शिकायला दवाखान्यातली स्वागतिका, टॅक्सीवाले काका, पार्लरवाली. 'मॅडम' हा शब्द आता ते अदबीनं म्हणत. तिला मात्र दर वेळी तो डाव आठवे.

तिची शिकवण्याची रीत वेगळी होती. पुस्तक शेवटी. आधी कुठल्यातरी दुकानातलं, स्टेशनवरचं बोलणं कानात सोडायची आणि विचारायची, खोलीत किती माणसं आहेत? चिडलंय कोण? लांबून कोण बोललं? कुणी घाईनं उत्तर द्यायला गेलं, की तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "आधी ऐका, मग बोला." आणि क्लिप पुन्हा पहिल्यापासून.

अशा या क्लासात एक दिवस नणंद आली. जिना चढून दम लागलेला, पर्स पोटाशी धरलेली.

"वहिनी, मलापण शिकव गं," ती म्हणाली. "नातवाला मराठी येत नाही. मी फोनवर बोलायला लागले, की तो उठून खेळायला जातो."

"बसा ना ताई," ही म्हणाली. आतून तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो, म्हणतात ते खोटं नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येकाचा आवाज रेकॉर्ड व्हायचा, हा क्लासचा नियमच होता. नणंदेला तिनं मुद्दाम पडद्यासमोर उभं केलं, आवाजाबरोबर चेहराही घेतला. नातवाला काय सांगाल ते बोला, म्हणाली. नणंद बोलली. दोन शब्द, मग मोठा खंड, मग एक शब्द. कपाळावर घाम आला. तोंड उघडं राहिलं, अगदी तसंच. हिनं मदत केली नाही. मोबाइल स्थिर धरून उभी राहिली, आणि खरं सांगायचं तर इतकं गोड तिला कित्येक वर्षांत काही लागलं नव्हतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिनं ती क्लिप ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, 'आमच्या ताई'. आणि हसऱ्या चेहऱ्यांची वाट बघत बसली.

चेहरे आले नाहीत. टाळ्या आल्या. 'वा ताई, या वयात!' 'शिकायची हौस बघा.' 'नातवासाठी आजी काय काय करते.' कुणीतरी हारतुरे पाठवले. सगळ्यात आधी नवऱ्यानं लिहिलं होतं, 'शाब्बास ताई!'

तेच अडणं, तेच उघडं तोंड. सून अडली तर तमाशा, लेक अडली तर कौतुक. तिरीमिरीत तिनं आपली जुनी क्लिप शोधून काढली. ती तिनं मोबाइलमध्ये जपून ठेवली होती आणि शेकडो वेळा बघितली होती, पण नेहमी आवाज बंद करून. स्वतःचं ते बोलणं ऐकायची हिंमत कधी झालीच नव्हती. जगाला ऐकायला शिकवणाऱ्या बाईनं स्वतःची क्लिप कधी ऐकली नव्हती. आज तिनं इयरफोन कानात घातले.

आधी तिचा आवाज. मग ती अडली. मग मोबाइलच्या अगदी जवळून एक हसू आलं, तोंडावर हात धरून दाबलेलं. बाईचं नव्हे. पाठोपाठ तोच आवाज कुजबुजला, "ताई, टाक ना हे ग्रुपवर. लिही, आमची मॅडम."

हा आवाज तिला लांबून ओळखता आला असता. रोज सकाळी तो चहा मागायचा.

नणंदेनं क्लिप टाकली होती हे काही पुसलं जात नव्हतं. तिला उद्या क्लासात एकेक वाक्य वीस वीसदा म्हणायला लावायचं, हे तिनं तिथंच ठरवलं. पण ती उद्याची गोष्ट.

बाहेरच्या खोलीत नवरा आरामात पाय पसरून मोबाइल बघत होता. "ताई बरी बोलते की गं," तो म्हणाला. "तू छान शिकवतेस हं."

तिनं इयरफोन त्याच्या हातात दिले.

"काय आहे?"

"धडा आहे. ऐका."

त्यानं ऐकलं. आधी कौतुकानं, मग भुवया जवळ घेऊन, मग नुसतंच जमिनीकडे बघत. क्लिप संपली तसा तो इयरफोन काढायला लागला.

"अगं, ती तेव्हाची गंमत—"

"आधी ऐका, मग बोला," ती म्हणाली, आणि तिनं क्लिप पुन्हा पहिल्यापासून लावली.