नळाचं पाणी पिवळं झालं तेव्हा

ब्लिचिंगचा वास आला की मला मोशीतली ती सकाळ आठवते, कसली भारी होती राव! गटाराशेजारची पाण्याची लाईन फुटून अख्ख्या बिल्डिंगला जुलाब झालेले. धाकटी बहीण तर सलाईन संपल्यावर थेट दापोडीला मावशीकडे. आई म्हणाली, पाणी चांगलं झाल्याशिवाय तिला घरी आणायचं नाही. लाईन दुरुस्त झाल्यावर पाणीखात्यातले दादा आले, नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकले, आणि पाणी पिवळंधमक! शेजारच्या काकू किंचाळल्या, "अगं बाई, अजून घाणच हाय!" दादा हसले, "काकू, हेच तर पाहिजे होतं! पिवळं म्हणजे क्लोरिन तुमच्या नळापर्यंत पोचलं. प्या बिनधास्त, पण नळाचं, हे नाही!" जिन्यात टाळ्याच टाळ्या! मी तिथूनच फोन लावला, "मावशी, पाठव तिला!" आता ती थेट नळालाच तोंड लावते आणि आईचा ओरडा खाते.