हॉटेल पडलंय का, मॅडम?

ओझरच्या विमानतळावर आम्ही तीन तास आधीच जाऊन बसलो, कारण ह्यांना कुठेही उशीर झालेला चालत नाही. हे म्हणजे माझे यजमान, अशोक साळवे. ओझरच्याच कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. कितीतरी विमानांना हात लावला, पण प्रवासी म्हणून विमानात बसायची ही पहिलीच वेळ. मी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायचे. त्याच वर्षी निवृत्त झाले आणि ठरवलं, आता सिक्कीम.

आमच्या शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या टूर एजंटाने तिकिटांबरोबर प्रवास विमाही काढून दिला होता. "डोंगराळ भाग आहे मॅडम, घेऊनच ठेवा. नैसर्गिक आपत्तीत सगळं कव्हर असतं. अडकलात तर फोन करायचा, औषधंसुद्धा पोचवतात." माहितीपत्रकावर तसंच ठळक अक्षरांत छापलंही होतं. जन्मभर मुलांना 'उदाहरण नीट वाचा' म्हणून ओरडले, पण पॉलिसीची बारीक अक्षरातली पानं मात्र मी वाचली नाहीत. हे आधीच कबूल करते.

दिल्लीला विमान बदलून बागडोगरा, तिथून तीस्ता नदीच्या काठाकाठाने गंगटोक. नदी एवढी हिरवी असू शकते हे आम्हा गोदाकाठच्या माणसांना खरंच वाटेना. गंगटोकला दोन दिवस मजेत गेले. ह्यांना थुक्पा (शेवयांचं गरम पातळ कालवण) इतका आवडला की त्यांनी सकाळच्या नाश्त्यालाही तोच मागितला. नंतर उत्तरेला लाचुंगला निघालो. ह्यांना दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावं लागतं. लाचुंगला दोनच मुक्काम, म्हणून चार दिवसांपुरतं बरोबर घेतलं आणि बाकीचं गंगटोकच्या हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवलं. हा निर्णय माझा.

लाचुंग म्हणजे नदीच्या दोन्ही अंगांना विखुरलेलं लाकडी घरांचं गाव. वर बर्फ, खाली सफरचंदाच्या बागा. आमचं छोटं हॉटेल पेमा नावाची चाळिशीतली बाई चालवायची. तिने आल्या आल्या हातावर छुर्पी (याकच्या दुधाचं दगडासारखं कडक चीज) ठेवली. ह्यांनी ती सुपारीसारखी दाढेखाली धरली आणि तासभर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वरच्या खोऱ्यात गेलो. तिथे लाल-जांभळ्या फुलांची झाडं डोंगरभर फुलली होती. परतताना पाऊस लागला आणि तो थांबलाच नाही.

सकाळी पेमा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "पहिरो." पहिरो म्हणजे दरड. खालचा रस्ता दोन ठिकाणी वाहून गेला होता. हे म्हणाले, "निघेल दोन दिवसांत." दोन दिवस होत आले, रस्ता निघाला नाही. गंगटोक सोडल्याच्या चौथ्या दिवशी इन्सुलिनच्या पेनात शेवटचा डोस उरला.

गावात फोनला रेंज फक्त गोम्पाच्या (मठाच्या) पायऱ्यांवर मिळायची. आम्हीही बुद्धाचेच, पण आमच्या कॉलनीतला विहार साधा, पांढऱ्या भिंतींचा. इथल्या गोम्पातले रंग बघून हे हरखले आणि हात जोडून आत जाऊन बसले. मी बाहेर पायरीवर विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर वाट बघत होते. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक तरुण आवाज आला. मी सगळं सांगितलं.

"हॉटेल पडलंय का, मॅडम?" त्याने विचारलं.

"हॉटेल कशाला पडेल? रस्ता पडलाय."

"म्हणजे तुमचा मुक्काम सुरक्षित आहे."

"मुक्काम सुरक्षित आहे, माणूस नाही. उद्यापासून माझ्या नवऱ्याला इन्सुलिन नाही. तुमच्या कागदावर लिहिलंय, औषध पोचवू."

"पेशंट कुठल्या हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट आहेत?"

"इथे हॉस्पिटल नाही."

"मग मेडिकल इमर्जन्सी रजिस्टर होत नाही, मॅडम. आणखी काही मदत करू शकतो का?"

मी फोन ठेवला नाही, तो माझ्या हातून कापला गेला. पुन्हा लावला, तर पुन्हा तेच गाणं.

पुढच्या दिवशी संध्याकाळपर्यंत ह्यांच्या ओठांना कोरड पडली. तांब्यामागून तांबे पाणी पीत होते. भात-बटाटा बंद केला होता, तरी उपयोग नव्हता. पेमा आम्हाला गावातल्या आरोग्य केंद्रात घेऊन गेली. तिथल्या सिस्टरने बोटातून रक्त घेतलं, मशीनकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. केंद्रात इन्सुलिन नव्हतं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येत नव्हतं. छत्री उचलून ती म्हणाली, "चला."

तिने आम्हाला एका म्हाताऱ्या बाईच्या घरी नेलं. गावात त्यांना सगळे छोडेन आमा (आमा म्हणजे आई) म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनाही मधुमेह, त्याही इन्सुलिनवर. मातीच्या मडक्यात गार जागी ठेवलेली त्यांची एकच बाटली, तीही अर्ध्याच्या आसपास. सिस्टरने लेबल वाचलं, खालच्या डॉक्टरांना वायरलेसवरून विचारून डोस ठरवला. मग आमांना त्यांच्या भाषेत समजावलं. त्या ह्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता नाही म्हणतील. त्यांना नाही म्हणायचा पूर्ण हक्क होता. रस्ता त्यांच्यासाठीही बंदच होता.

"आमा काय म्हणतात?" मी सिस्टरला विचारलं.

"म्हणतात, आधी ह्यांना द्या. त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा वाईट दिसतोय."

तीन दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ त्या घरी जात होतो. नवी सुई सिस्टर आणायची. प्रत्येक वेळी ती बाटली उजेडात धरायची, आणि आम्ही चौघं बाटलीत खाली चाललेली रेघ बघायचो. आमा ह्यांना बिनसाखरेचा, मीठ-लोण्याचा चहा द्यायच्या. एकदा हे मला मराठीत म्हणाले, "सविता, ही संपली तर ह्या बाईचं काय होईल गं?"

चौथ्या दिवशी जवानांनी दरडीवरून पायवाट काढली. त्याच वाटेने खालून औषधांची खोकी वर आली. त्यात आमांची नवी बाटली आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय हे निघायला तयार नव्हते. मग दोर धरून, चिखलात गुडघ्यापर्यंत रुतत आम्ही पलीकडे गेलो. मधल्या चौकीत रस्ता बंद असल्याचा दाखला लिहून घेतला. गंगटोकला पोचलो तोवर आमचं विमान केव्हाच निघून गेलं होतं. नवी तिकिटं काढून ओझरला उतरलो आणि बुडालेल्या तिकिटांसाठी, न मिळालेल्या औषधाच्या मदतीसाठी कंपनीकडे दावा लावला.

कंपनीचं पत्र महिन्याने आलं. विमान वेळेवर सुटलं होतं, प्रवासी गैरहजर होते, सबब दावा नामंजूर. शिवाय दरड भूकंपाने कोसळली तरच ती नैसर्गिक आपत्ती, पावसाने कोसळली तर नाही. ते पत्र घेऊन आम्ही द्वारकेच्या शाखेत गेलो. काचेमागे तिशीचा एक अधिकारी होता. अदबीने बोलणारा.

"पावसाने डोंगर पडला तर तो पडलेला नसतो का?" मी विचारलं.

"पॉलिसीच्या व्याख्येत बसत नाही, मॅडम."

"आणि औषधाची मदत?"

"त्यासाठी अ‍ॅडमिशन लागतं."

"गावात हॉस्पिटल नव्हतं."

"म्हणूनच अ‍ॅडमिशन झालं नाही ना," तो बोलून गेला आणि स्वतःच खाली बघू लागला.

हे सहसा कोणाशी भांडत नाहीत. त्या दिवशी मात्र पुढे झाले. म्हणाले, "साहेब, आमच्याकडे पत्रा जोडणारा एक रिव्हेट ढिला निघाला तर विमान जागचं हलायचं नाही. तुम्ही तर ढिले रिव्हेट मुद्दाम ठेवता, आणि माणूस वर गेल्यावर त्याला सांगता."

मी विमा लोकपालांकडे तक्रार केली. दाखला, बंद रस्त्याचे फोटो, हेल्पलाइनला फोन केल्याची वेळ, सगळं क्रमाने लावलं. बऱ्याच महिन्यांनी सुनावणी झाली आणि तिकिटांचा दावा कंपनीला मान्य करावा लागला. औषधाच्या मदतीबद्दल कंपनीचं लेखी म्हणणं असं होतं : इन्सुलिनचं बिल सादर केलेलं नाही, म्हणजे नुकसान झालेलं नाही. ते वाक्य मी तीनदा वाचलं. छोडेन आमांनी पैसे घेतले नव्हते, म्हणून काही घडलंच नव्हतं!

डोंगराचा मला राग नाही. तो ओला झाला आणि घसरला. माझा राग त्या माणसांवर आहे, जी कोरड्या खोलीत बसून विचारपूर्वक ते कलम लिहितात.

परवा एजंटाने नव्या सहलीसाठी सभा ठेवली होती. मला बोलावलं होतं सिक्कीमचे फोटो दाखवायला. फुलांचे फोटो दाखवले, लोक खूश झाले. मग मी पॉलिसी काढली आणि आपत्तीची व्याख्या मोठ्याने, थांबत थांबत वाचली. एजंट मागून "मॅडम, वेळ झाला" म्हणत होता. मी वाचत राहिले. संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एक बाई उठल्या. नाव नोंदवायला आणलेला फॉर्म त्यांनी टेबलावर पालथा ठेवला आणि एजंटाला म्हणाल्या, "भाऊ, ही सगळी पानं आम्हाला मराठीत वाचून दाखवा. आम्ही बसलोय."

आणि कोणीच जागचं उठलं नाही.