अक्याची तीन चित्रं

माझ्या शिवणकामाच्या दुकानाला लागूनच यियाडोमचं व्हिडिओचं दुकान. तिथं अक्या बसायची. सातव्या वर्षी तापानं तिचे कान गेलेले. आमच्या कुमासी शहरात शनिवारी अंत्यविधी होतात, तीन बाजूंनी तीन कॅमेरे ते टिपतात. त्या तिन्ही चित्रांतले क्षण एकमेकांशी जुळवायचं काम तिचं.

तिचा नवरा अड्डाई जिवंत होता तोवर सोपं होतं. तिन्ही कॅमेरे सुरू झाले की तो मधोमध उभा राहून हात वर करून एक टाळी वाजवायचा. ती टाळी तिन्ही चित्रांत दिसली की जुळलं. तो वारला. नवे कॅमेरेवाले मनाला येईल तेव्हा सुरू करत, टाळी कुणी वाजवत नसे. मग अक्यानं संगणकावर एक प्रोग्राम आणला. माणसांच्या हालचाली ओळखून तो चित्रं जुळवायचा.

एकदा एका बाईच्या अंत्यविधीत तोही फसला. काळ्या-लाल कपड्यांतल्या बायका अडोवा हा शोकाचा नाच नाचत होत्या. सगळ्यांचे हात पुन्हा पुन्हा तसेच वळत होते. प्रोग्रामनं एका फेऱ्याला भलताच फेरा जोडला.

यियाडोम मला म्हणाला, "सांग गं तिला, कोण बघतंय एवढं? परवा न्यायला येतील."

मला खुणा जेमतेम येतात. सांगितलं. तिनं ठाम नकार दिला आणि दोन दिवस एकेक चित्र सरकवत बसली. वाऱ्यानं एक छत्री उलटी झाली होती, एकदाच. ती तिन्हीकडे सापडली, आणि चित्रं जुळली.

मेलेल्या बाईची लेक पोकुआ आली. तिन्ही चित्रं शेजारीशेजारी चालू होती. पडद्याकडे बघतच ती बोलायला लागली, "इथं मी कोसळले. वाटलं, आता आपलं कुणी उरलं नाही. आणि ही बघा आत्या! मी पडायच्या आधीच हिचा हात पुढं आलाय. वर्ष झालं, मी हिच्याशी बोलत नाही हो."

डोळे पुसत ती गेली. तिचे ओठ अक्याला दिसलेच नव्हते. अक्यानं माझी बाही ओढून खुणेनं विचारलं. काय म्हणाली?

माझ्या हातात गिऱ्हाइकाचं कापड होतं. मी अंगठा वर केला. छान झालंय.

अक्यानं दोन्ही हात लांब पसरले, मग चिमूट दाखवली. एवढं बोलली, आणि एवढंच?

मी मान डोलावली. ती खुर्ची वळवून कामाला लागली.

पुढच्या वर्षी अक्या टेचिमान गावी बहिणीकडे राहायला गेली. पोकुआचं बोलणं सगळं लिहून मी त्या पत्त्यावर पाठवलं. उत्तर आलं नाही.