न उगवलेली मेथी

माझ्या नवऱ्याच्या कॉलेजमित्राइतकं मातीवर प्रेम करणारा माणूस साऱ्या इंग्लंडात दुसरा नसेल. कुणाच्याही घरी गेले, की भाऊजी आधी कुंडीतली चिमूटभर माती हुंगणार, मग माणसांची चौकशी करणार. ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी भलती महाग अळंबी. ती जिथे येते, तिथल्या मातीत झाडांच्या पानांमुळांतून कोणती रसायनं उतरतात, हा त्यांचा अभ्यास. चहा घेताना म्हणायचे, "वहिनी, ह्या तुरटपणाचे चुलतभाऊ बीचच्या झाडाच्या पानांत असतात बरं का!" मी म्हणायची, "असू देत. त्यांना बुटांबरोबर दाराबाहेर ठेवा."

पण ठेवले मीच, तेही फ्रीझरमध्ये. रविवारी भाऊजी जंगलातून माती घेऊन यायचे आणि लॅब सोमवारी उघडायची. त्यामुळे आमच्या लंडनमधल्या एजवेअरच्या घरी, फ्रीझरच्या दारावरच्या माझ्या यादीत मटार आणि खवलेल्या खोबऱ्याखाली 'भाऊजींची माती' ही ओळ कायमची होती.

एका रविवारी जेवायला पाहुणे होते. भाऊजींनी आइस्क्रीमचे दोन डबे थेट श्रीखंडाशेजारी उघडले. एकात ट्रफलच्या बीचखालची माती, दुसऱ्यात साध्या बीचखालची. पाहुण्यांनी भीतभीत वास घेतला. भाऊजींनी बोलताबोलता झाकणं लावली आणि मग त्यांचा चेहरा उतरला. चिठ्ठ्या झाकणांवर होत्या, डब्यांवर नव्हत्या!

"दुसरी आणता येईल की," मी म्हटलं.

"ते झाड कापलं, वहिनी. ह्या मातीवर माझं काँट्रॅक्ट, आणि काँट्रॅक्टवर व्हिसा."

त्यांनी दोन्ही डबे हुंगले, पण घरभर फोडणीचाच वास. तेव्हा मला त्यांचंच बोलणं आठवलं: ट्रफलच्या झाडाभोवती गवतही धड उगवत नाही. "चमचा-चमचा माती द्या," मी म्हटलं आणि दह्याच्या दोन रिकाम्या कपांत मेथी पेरून खिडकीत ठेवली.

आठवडाभर त्यांचा रोज ऐन माझ्या चहाच्या वेळी फोन. शेवटी एक कप हिरवागार झाला, दुसरा तसाच बोडका. बघायला आले आणि स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले. "नाही उगवली! वहिनी, नाही उगवली! शास्त्रात ह्याला पुरावा म्हणत नाहीत, पण आज मला झोप लागेल." पुढे लॅबनेही तेच सांगितलं, आणि मीही कितीतरी दिवसांनी चहा गरम असताना प्यायले.

मग त्यांना कार्डिफला नोकरी लागली. तिथे म्हणे मातीसाठी खोलीएवढा फ्रीझर आहे. इथे एखाद्या कुंडीत मेथी उगवली नाही, की शेजारीण हळहळते. मी मात्र आधी वाकून मातीचा वास घेते.