आत्ताचं रक्त

हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हृदय थांबवतात. तेवढा वेळ रक्त फिरवायचं आणि त्यात प्राणवायू मिसळायचा, हे काम एक मशीन करतं. ते मशीन चालवते आमची वहिनी. लग्न होऊन आली तेव्हा आईनं विचारलं, "तू डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस, मग तिथं करतेस तरी काय गं?"

"रक्ताला वारा घालते," वहिनी म्हणाली. आईला ते एकदम पटलं.

पूर्वी दर वीस मिनिटांनी रक्ताचा नमुना लॅबमध्ये जायचा आणि चिठ्ठी यायची. वहिनीचं त्यावर समाधान नव्हतं. "चिठ्ठी मघाच्या रक्ताची. आत्ताच्या रक्ताचं काय?" रक्ताच्या नळीलाच बसवून क्षणाक्षणाला प्राणवायूचा आकडा दाखवणारं यंत्र घ्या, म्हणून तिनं दोन वर्षं मोठ्या डॉक्टरांच्या मागे भुणभुण लावली. शेवटी ते कंटाळून "हो" म्हणाले.

यंत्र येऊन तिसराच आठवडा. टेबलावर एक शाळामास्तर होते, झडप बदलायची होती. नुकतीच लॅबची चिठ्ठी आली होती, सगळं छान. आणि नव्या यंत्राच्या पडद्यावरचा नव्व्याण्णवचा आकडा घसरत शहाण्णववर आला. मग ब्याण्णव.

"सर, ऑक्सिजन पडतोय."

"आत्ताच तर चिठ्ठी चांगली आली. तुमचं नवं खेळणं बिघडलं असेल."

वहिनी वाद घालत बसली नाही. तिनं रक्ताच्या नळीकडे पाहिलं. शरीरात परत जाणारं रक्त लालभडक हवं, ते जरा काळपट वाटलं. तिनं ऑक्सिजनची नळी भिंतीपासून हातानं चाचपत आणली, तर ती हत्यारांच्या ट्रॉलीच्या चाकाखाली चेपलेली!

"ट्रॉली हलवा!" वहिनी ओरडली. घरात हाक मारली तरी शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही, असा तिचा आवाज.

चाक सरकलं. त्र्याण्णव... सत्त्याण्णव... नव्व्याण्णव.

डॉक्टर सुई धरून थांबले होते. "टाका घालू का, ताई?"

"घाला."

नवव्या दिवशी मास्तर आपल्या पायांनी घरी निघाले. निघण्याआधी जिन्यात त्यांना वहिनी भेटली, बायको सोबत होती. मास्तरांनी आस्थेनं विचारलं, "तुमचं कोण आहे इथं?"

"कुणी नाही, मी इथंच कामाला असते. तब्येतीला जपा हं."

रात्री जेवताना तिनं हे सांगितलं तेव्हा आई वैतागली. "अगं, सांगायचं नाही का त्यांना?"

"आई, ते जिना चढून दाखवत होते बायकोला, मध्येच माझं काय सांगू?" वहिनी हसत म्हणाली आणि आणखी भात वाढून घेतला.